नीलकंठच्या वजनाचे पाव

सत्यवतीबाई शिरसाठांचा काटा खोटा म्हणायची घमापुरात कोणाची छाती नव्हती. चारशे ग्रॅमचा पाव म्हणजे चारशेच. तोही भट्टीतून काढून गार झाल्यावर. गरम, ओलसर पाव तोलून विकणारे बेकरीवाले जबलपुरात इतरही होते. त्यांचं नाव निघालं की बाई पदराला हात पुसत एवढंच म्हणायच्या, "पाणीच विकायचं तर घागर घेऊन फिरावं माणसानं."

भट्टी त्यांच्या यजमानांनी बांधली होती, १९४३ साली. ते तोफगाड्यांच्या कारखान्यात फिटर होते. मोठ्या लढाईचे दिवस. छावणीत गोऱ्या पलटणी उतरलेल्या आणि शहरात पावाचा तुटवडा. यजमानांनी कारखान्याच्या लिलावातून जुन्या भाजक्या विटा घेतल्या आणि रविवार सोडून रोज संध्याकाळी दोन तास खपून भट्टी उभी केली. तीन वर्षांनी न्युमोनियानं ते गेले. अकरा वर्षांचा नीलकंठ आणि ती भट्टी मागे राहिली. नगरकडच्या दिरांनी लिहिलं, निघून या. बाईंनी उत्तर पाठवलं, "इथं माझी भट्टी तापलेली आहे." आणि त्या राहिल्या.

त्या मिशनच्या देवळातल्या, म्हणजे प्रॉटेस्टंट. सासरच्या घराण्यात ख्रिस्ती होऊन ही तिसरी पिढी. देवानं दिलेलं काम चोख करावं, उधळू नये, मिळेल त्याचा दहावा भाग पहिल्या रविवारी देवळात नेऊन ठेवावा आणि उरलेल्यातून उद्याचं काम उभं करावं, असा त्यांचा साधा हिशेब होता. संपत्तीचं त्यांना वावडं नव्हतं. "पैसा देवाचा, आपण कारभारी," असं त्या म्हणायच्या. "कारभारी झोपा काढायला लागला तर मालक विचारणारच."

दारात मात्र त्यांनी कधी कोणाला फुकट पाव दिला नाही. मागायला येणाऱ्याला त्या अंगणातला लाकडाचा ढीग आणि कुऱ्हाड दाखवायच्या. लाकडं फोडील त्याला पाव आणि चहा. हात आखडता नव्हता, पण कुऱ्हाड आधी. यामागचं कारण फार थोड्यांना ठाऊक होतं. बाईंची आई १९०० सालच्या दुष्काळातली अनाथ पोर. पेजेच्या रांगेत उभी राहून जगलेली. वाडगं पुढे करताना तिनं मान कधी वर केली नाही. पेज वाढणाऱ्या मडमेचा चेहरा तिला शेवटपर्यंत आठवला नाही. आठवत होते ते मडमेचे बूट. मरताना ती लेकीला म्हणाली होती, "तुझ्या दारात रांग लावू नको." सत्यवतीबाईंनी ते पाळलं.

आणि अशा घरात १९६४ साली बेबी सून म्हणून आली. पाळण्यातलं नाव लांबलचक होतं, ते लग्नाच्या नोंदीपुरतं वापरलं गेलं. बाप कटनीला रेल्वेत ड्रायव्हर होऊन निवृत्त झालेला, युनियनचा माणूस आणि पक्का कॅथलिक. ती आपला धर्म ठेवणार, हा आपला ठेवणार, या बोलीवर नीलकंठशी तिचं लग्न झालं. रविवारी सकाळी सासू एका रस्त्यानं जायची आणि सून दुसऱ्या.

पहिल्याच महिन्यात ठिणगी पडली. संत अंतोनीच्या नावानं दर मंगळवारी भुकेल्याला पाव द्यायचा, ही बेबीच्या माहेरची रीत. एका मंगळवारी बाईंनी मागच्या दाराशी तिला पाव देताना पाहिलं.

"कोण होता तो?"

"माहीत नाही, आई. भुकेला होता."

"हातपाय धड होते ना? मग लाकडं फोडायला सांगायचं होतं."

"लाकडं फोडायला अंगात काही असावं लागतं, आई."

"फुकट दिलं की माणूस वाकतो, बेबी."

"तो आधीच वाकलेला होता. तुम्हाला दिसलं नाही काहून?"

बाईंना उलट उत्तरं आवडत नसत. पण भिऊन गप्प बसणारी माणसं त्याहून आवडत नसत. त्या दिवसापासून पीठ मळताना दोघींचा वाद चालायचा. मळायला मुरलीधर असायचा. दीक्षितपुऱ्याहून पहाटे सायकलनं येणारा, भट्टीवरचा सगळ्यात जुना माणूस. तो म्हणायचा, "बाई आणि सूनबाई भांडून राहिल्या की पीठ चांगलं फुगतं."

बेबीचं म्हणणं असं, की मजुराला घर चालेल इतकी मजुरी देणं, भुकेल्याला भाकरी देणं, हे दान नव्हे. ते देणं आहे. ज्याच्याकडे जास्त आहे त्याच्याकडे दुसऱ्याचं काही राहून गेलेलं असतं. बाईंचं म्हणणं असं, की माणसाला कोणाचं मिंधं व्हावं लागू नये इतकं त्याला कामाला लावणं हाच न्याय. "तुमचे फादर पोट भरतात," त्या म्हणायच्या, "आमचे पाळक पाठ ताठ करतात."

"रिकाम्या पोटी पाठ ताठ राहते, आई?"

"माझी राहिली."

यावर बेबी पुढचा गोळा उचलायची. कारण ते खरं होतं.

पासष्ट सालच्या सप्टेंबरात लढाई पेटली. कारखान्यांचे भोंगे तिन्ही पाळ्यांना वाजू लागले, खिडक्यांच्या काचांवर काळे कागद चढले. बाईंच्या भट्टीला कारखान्याच्या कँटीनच्या पावाचं काम आलं. मैदा परमिटवर, मोजून मापून. त्यातून एक गोणी इकडची तिकडे झाली नाही, ही बाईंच्या अभिमानाची गोष्ट. नीलकंठ वडिलांच्याच कारखान्यात गाड्या तपासणारा कारागीर. त्याला दुरुस्तीच्या पथकाबरोबर पंजाबात पाठवलं. वाटेतून त्याचं एक पत्र आलं. मग सहा आठवडे काही नाही.

त्या सहा आठवड्यांत सत्यवतीबाईंनी भट्टी एक दिवस थंड पडू दिली नाही. बेबीनं नवस केला. नवरा धड परत आला तर त्याच्या वजनाइतके पाव गोरगरिबांना स्वतःच्या हातानं देईन.

लढाई थांबली आणि ऑक्टोबरच्या अखेरीस नीलकंठ परतला. गालफडं बसलेली, डाव्या कानानं कमी ऐकू येणारा, पण धड. बेबीनं सासूला नवसाचं सांगितलं.

"संताबरोबर सौदा केलास?" बाई म्हणाल्या.

"सौदा नाही, शब्द दिला."

शब्द म्हटल्यावर बाई थांबल्या. "बरं. भट्टी माझी घे. पण परमिटचा मैदा मिळणार नाही."

"कटनीहून बाबा गहू पाठवून राहिले. त्याचंच पीठ."

"मग पाव तांबूस होईल."

"होऊ दे. भुकेला रंग कुठे दिसतो?"

नीलकंठला तोलायचा प्रसंग बघायला आळीतली निम्मी माणसं आली होती. छपराच्या तुळईला गोण्या तोलायचा मोठा काटा टांगलेला असे. त्याच्या एका फळीवर नीलकंठ मांडी घालून बसला.

"बूट काढ," बाई म्हणाल्या.

"आई, राहू द्या ना बूट!" बेबी म्हणाली. "नवसात कमी नको पडायला."

"नवस नवऱ्याचा केलास की चांभाराचा? दीड किलोचे बूट आहेत ते. काढ रे."

"देवापुढे दीड किलो जास्त झालं तर काय बिघडलं?"

"देवापुढे खोटं वजन चालत नाही. ना कमी, ना जास्त."

"मला कोणी विचारून राहिलं काय?" फळीवरून नीलकंठ म्हणाला. "मी गहू आहे की माणूस?"

"तू गप बस, काटा हलतो," दोघी एकदम म्हणाल्या.

बूट निघाले. चोपन्न किलो. चारशे ग्रॅमचा एक, असे एकशे पस्तीस पाव. बाईंनी खडूनं दाराच्या फळीवर आकडा लिहिला. एकवीस नोव्हेंबरचा रविवार ठरला. सकाळी दहा वाजता, भट्टीच्या मागच्या अंगणात. बेबीनं निरोप पाठवला तो मुख्यतः खोकेवाल्या मजुरांच्या वस्तीत. ही माणसं भय्यासाहेबांच्या लाकडी खोक्यांच्या वखारीत रोजंदारीवर होती. लढाईभर त्यांनी दिवसाला बारा बारा तास खोकी ठोकली. लढाई थांबली, मागणी थांबली, आणि भय्यासाहेबांनी एका सकाळी शंभरावर माणसं घरी पाठवली. हे भय्यासाहेब सत्यवतीबाईंच्याच देवळातले. हातोडीपासून वर आलेला, निर्व्यसनी माणूस. देवळाचं छप्पर त्यांच्या देणगीतून झालेलं. बाई नीलकंठला लहानपणी त्यांचाच दाखला द्यायच्या.

आता चूक कुठे झाली ती ऐका. एकवीस नोव्हेंबरलाच देवळात कापणीचा सण होता. ज्याला शेत आहे तो पहिलं पीक आणतो. कारखान्याच्या गावात शेत कुणाला? मग कोणी परसातला भोपळा आणतं, कोणी लोणचं, कोणी विणलेला स्वेटर. उपासना झाली की या सगळ्याचा तिथेच लिलाव होतो आणि पैसा देवळाच्या कामाला जातो. बाई दर वर्षी गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा एक मोठा पाव करायच्या. लोंब्या, पानं, बांधलेली दोरी, सगळं पिठाचं. अठरा वर्षं लिलावाची सुरुवात त्या पावानं झाली होती आणि अठरा वर्षं त्याच्यावरची बोली कोणी ओलांडली नव्हती. पेंढीबरोबर दोन फळ्या भरून साधे पावही जायचे. म्हणून शनिवारी निघताना बाईंनी मुरलीधरला सवयीनं सांगितलं, "उद्या फळ्यांवरचं सगळं देवळात पोचव." दर वर्षी सांगायच्या तसंच. त्या वर्षी फळ्यांवर काय असणार होतं, ते क्षणभर त्यांच्या डोक्यातून गेलं.

रविवारी बाई सकाळीच देवळात गेल्या, वेदीपुढे ऊस आणि झेंडू बांधायला. बेबी नीलकंठला घेऊन आपल्या कॅथलिक देवळात मिस्सेला गेली. मुरलीधरनं ठेला भरला आणि इमानदारीनं सगळं देवळात नेलं.

उपासना चालू असताना बाई पुढच्या बाकावर होत्या. शेजारच्या टेबलावर चादरीखाली झाकलेलं त्यांना दिसत नव्हतं. शेवटचं गीत झालं. देवळाच्या पंचांपैकी चिंतामणी लिलावाला उभे राहिले. एरवी सरकारी कचेरीत मान खाली घालून फायली लिहिणारा माणूस, पण कापणीच्या सणाला त्यांचा आवाज कमानिया गेटपर्यंत जाईल असा लागायचा. लिलाव हिंदीत, कारण निम्मी मंडळी हिंदीवाली.

"भाइयो और बहनो! इस साल सत्यवतीबाई ने कमाल कर दिया! पेंढी तो है ही, साथ में सवा सौ से ऊपर रोटियाँ!" आणि त्यांनी चादर ओढली.

तांबूस पावांची रास. बाईंच्या भट्टीतून अठरा वर्षांत तांबूस पाव देवळात आला नव्हता. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. घड्याळात साडेनऊ. अर्ध्या तासानं बेबी अंगणात उभी राहणार, वस्तीतली माणसं येणार, आणि फळ्या रिकाम्या.

त्या उठेपर्यंत बोली सुरू झालीसुद्धा. सगळी रास एकत्र. भय्यासाहेबांनी पहिल्याच बोलीत असा आकडा सांगितला की देवळात कुजबुज झाली. पेंढीलाही कधी तेवढा मिळाला नव्हता. चिंतामणींचा चेहरा उजळला.

"एक… दो…"

"थांबा," बाई म्हणाल्या.

साऱ्या माना वळल्या. देवळात याआधी कधी आपण आवाज चढवल्याचं बाईंना आठवत नव्हतं.

"हे पाव लिलावाचे नाहीत. माझ्या चुकीनं आलेत. माझ्या सुनेच्या नवसाचे आहेत."

"नवसाचे?" मागून कोणीतरी हसलं. मिशनच्या देवळात नवस हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला असावा.

चिंतामणी टेबलामागून हळूच म्हणाले, "सत्यवतीबाई, आता काहून? देवळात आलं ते देवाचं. आणि बोली बघा केवढी लागली! शाळेच्या भिंतीचं काम होऊन जाईल."

"चिंतामणीभाऊ, दुसऱ्याची गाय आपल्या गोठ्यात शिरली म्हणून आपली होते काय?"

आता भय्यासाहेब उठले. आवाज शांत होता. त्यांना राग येत असे, पण देवळात ते तो दाखवत नसत. "बाई, बोली माझी लागली आहे. पाव माझे झाले असं धरा. मी ते तुमच्या सुनेला परत देतो. गरिबांना वाटायचेत ना? वाटा. फक्त चिंतामणीभाऊंनी नाव पुकारावं, म्हणजे देवळालाही पैसा मिळेल आणि गरिबांनाही कळेल कोणी दिलं."

सौदा सरळ होता. एक मान हलवली की काम झालं असतं. देवळाला भिंत, वस्तीला पाव, बाईंची अब्रू शाबूत. पण ज्यांना पाव जायचे होते त्यांची नावं बाईंना माहीत होती. महिन्यापूर्वीपर्यंत हीच माणसं आठवड्याच्या मजुरीच्या दिवशी भट्टीवर येऊन रोख पैशांनी दोन दोन पाव घेत होती. त्यांनी कधी काही फुकट मागितलं नव्हतं. लाकडं फोडायला लाजणारी ती माणसं नव्हती. त्यांनी बारा बारा तास लाकूडच ठोकलं होतं.

"भय्यासाहेब," त्या म्हणाल्या, "तुमच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण पाव घ्यायला कोण येऊन राहिलं ते तुम्हाला माहीत आहे काय? तुमच्या वखारीतली माणसं. हे त्यांचंच आहे. ज्याचं त्याला देताना नाव कोणाचं पुकारायचं?"

बोलून झाल्यावर त्यांना कळलं की हे वाक्य त्यांचं नव्हे. पीठ मळताना वर्षभर जे खोडून काढलं होतं, तेच तोंडून निघालं होतं. पण काट्यावर टाकून पाहिलं तर वजन बरोबर होतं. मग ते कोणाच्या तोंडचं का असेना.

 भय्यासाहेबांनी एकदा पावांकडे पाहिलं. मग खाली बसले आणि म्हणाले, "चिंतामणी, पुढची चीज काढा."

पुढची चीज भोपळा होता. भय्यासाहेबांनी त्याच्यावर तोच आकडा लावला.

"भोपळ्याला, भय्यासाहेब?"

"पुकारा. आणि नाव राहू द्या."

आजही घमापुरातली जुनी माणसं त्या भोपळ्याची गोष्ट सांगतात. सत्यवतीबाईंनी मात्र तो लिलाव पाहिला नाही. त्या आणि मुरलीधर ठेला भरत होते. मुरलीधर रडकुंडीला आला होता. "बाई, मी कसा मूरख! विचारायचं तरी."

"तू मी सांगितलं ते केलंस. मूरख मी. चल, ढकल."

भरताना बाईंनी पाव मोजले. एकशे एकतीस. चार पाव सकाळच्या चहाबरोबर देवळातल्या मदतनिसांच्या पोटात गेले होते. बाई परत आत गेल्या आणि पेंढी उचलून आणली.

"सत्यवतीबाई, पेंढी तर लिलावाची!" चिंतामणी मागे धावले.

"पेंढी माझी आहे, भाऊ. पुढल्या वर्षी दोन आणते."

पांढरी साडी, हातात बाळासारखी धरलेली गव्हाची पेंढी, पुढे ठेला ढकलणारा मुरलीधर. अशा बाई घमापूरच्या रस्त्यानं निघाल्या. पंचावन्न वर्षांच्या होत्या. मान ताठ होती.

मागच्या अंगणात बेबी रिकाम्या फळ्यांपुढे उभी होती, पांढरीफटक. दारापासून गल्लीपर्यंत लोकांची रांग लागली होती. माना खाली. रांग बघताच बाई दारातच थबकल्या.

"आई, पाव कुठे…" बेबी ठेल्याकडे धावली.

"आणलेत. माझी चूक झाली, मग सांगते. आधी ही रांग मोड."

"मग देऊ कसे?"

"पंगत बसव. नीलकंठ, गोणपाट घाल अंगणात. मुरलीधर, चहाचं आधण ठेव. चला हो, बसा सगळे. आप लोग बैठिए. माझ्या दारात रांग लागत नाही."

माणसं एकमेकांकडे बघत बसली. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. बाईंनी लहान काटा मागवला, चार पावांची तूट सुनेला सांगितली आणि पेंढी पारड्यात ठेवली. अठरा वर्षं बोली लागलेली पेंढी. पारडं टेकलं.

"आई, ही तर तीन किलोच्या वर आहे," बेबी म्हणाली. "एक किलो सहाशेच पाहिजे. दीड किलो जास्त होतं."

"असू दे."

"पण तुम्हीच म्हणाल्या होत्या, ना कमी ना…"

"सुरी आण. लोंब्या लोंब्या कापून दे."

पंगतीत एक गंमत असते. बसलेला माणूस सुखानं बसलेला असतो. वाकावं लागतं ते वाढणाऱ्याला. नवस बेबीचा म्हणून पाव तिच्या हातून गेला. मागून पेंढीचा तुकडा आणि चहाची कपबशी घेऊन सत्यवतीबाई, प्रत्येकापुढे वाकून. पहिल्याच गोणपाटावर खोक्यांना खिळे मारणारा पुंडलिक होता. त्यानं वर बघितलं.

"पुंडलिकभाऊ, घरी बरं आहे ना?"

"हो, बाई." मग कपबशी खाली ठेवत, "ही पेंढी दर वर्षी देवळात जाते तीच काय?"

"तीच."

त्यानं तो तुकडा चहात न बुडवता, तसाच, सावकाश खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुंडलिक आणि आणखी दोघं भट्टीवर आले आणि न विचारता त्यांनी लाकडं फोडली. बाईंनी तिघांनाही भट्टीवर ठेवून घेतलं. बेबी म्हणाली, "म्हणजे शेवटी काम, आई." बाई म्हणाल्या, "मग? पाव तू दिलास, काम मी देते." त्या आठवड्यात भय्यासाहेबांच्या वखारीतूनही चाळीस माणसांना बोलावणं गेलं. का, ते कोणी सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही. सासू आणि सून शेवटपर्यंत रविवारी वेगवेगळ्या रस्त्यानं गेल्या. सहा वर्षांनी पुन्हा लढाई झाली तेव्हा मागच्या अंगणात दर मंगळवारी पंगत बसू लागली. लाकडाचा ढीग आणि कुऱ्हाडही तिथेच होती.

पण त्या रविवारची संध्याकाळ सांगायची राहिली. पंगत उठली, कपबशा धुऊन झाल्या, आणि सत्यवतीबाई पाटावर बसल्या त्या त्यांना उठवेना. बेबी तेलाची वाटी घेऊन मागे बसली आणि कंबर चोळू लागली.

"दुखून राहिली काय, आई?"

"दुखणारच. वजन होतं."

"किती?"

बाईंनी दाराच्या फळीवरच्या खडूच्या आकड्याकडे बघितलं.

"चोपन्न किलो," त्या म्हणाल्या. "आणि वर बूट."